उशिरा पोचलेले ‘नाही’

मे २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने आवाजाच्या प्रवासाविषयीची आपली जी.११४ ही शिफारस नव्याने जाहीर केली. बोलणाऱ्याचा शब्द ऐकणाऱ्याच्या कानी दीडशे मिलिसेकंदांच्या आत पोचला, तर बहुतेक संभाषणांना उशिराची बाधा होत नाही, असे तीत म्हटले आहे. हा मजकूर कोणालाही काढून पाहता येतो. ११ मार्च २०२५ रोजी, मंगळवारी सकाळी दहा वाजून एकेचाळीस मिनिटांनी, एका रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एक ‘नाही’ त्याच्या जवळजवळ दहापट उशिरा पोचले. त्या क्षणाच्या दोन लेखी नोंदी आहेत आणि त्या एकमेकींना खोटे पाडतात.

पहिली नोंद भूलतज्ज्ञ बाईंच्या फॉर्मवर आहे: ‘औषधाची ॲलर्जी: नाही.’ दुसरी तळमजल्यावरच्या खोलीत हेडफोन लावून बसणाऱ्या दुभाषीच्या वहीत आहे: ‘१०.४१. औषधाची ॲलर्जी: हो. पेनिसिलीन.’ इथली भाषा न येणारा रुग्ण, त्याच्यासमोर डॉक्टर, दोघांच्या मध्ये खाटेच्या कठड्याला अडकवलेला टॅबलेट, आणि त्या टॅबलेटमधून बोलणारी दुभाषी, अशी ती व्यवस्था होती. फॉर्म पाहून त्याला पेनिसिलीन दिले गेले. दुपारपर्यंत रुग्णाच्या अंगावर लाल चट्टे उठले, श्वास जड झाला. तिसऱ्या दिवशी तो सावरला. तोवर रुग्णालयात मात्र एकच वाक्य फिरू लागले होते: दुभाषीचे लक्ष नव्हते.

ही दुभाषी मोजणीबाईची नणंद.

मोजणीबाई हे अर्थातच तिचे खरे नाव नव्हे. रुग्णालयातल्या वाय-फायच्या, तारांच्या आणि टेलिफोनच्या देखभालीचे काम तिच्याकडे अठरा वर्षे होते, आणि प्रत्येक गोष्ट मोजून, तारीख घालून वहीत उतरवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. घरातल्या फ्रिजच्या दारावरही तिने तापमानाचा तक्ता चिकटवलेला होता. “आमच्या वहिनीला कोणी मेलं सांगितलं, तर ती आधी किती वाजता ते विचारेल,” असे नणंद चारचौघांत म्हणे. मोजणीबाईही तिला सोडत नसे. वयाने तीन वर्षांनी धाकट्या नणंदेला ती मुद्दाम जुन्या पद्धतीने ‘वन्सं’ म्हणे, आणि नणंद दर वेळी तितकीच चिडे. नवरा नोकरीसाठी परगावी असल्याने त्या दोघींचेच घर, दोघींचाच स्वयंपाक, आणि दोघींचेच रुग्णालय होते.

बुधवारी अधीक्षकांचे पत्र आले. गुरुवार, २० मार्च, दुपारी तीन वाजता तिघांची समिती बसेल. भूलतज्ज्ञ एका रुग्णाशी दुभाषीमार्फत बोलतील आणि समिती ऐकेल. मंगळवारच्या चुकीचा दोष दुभाषीचा ठरला, तर तिचे पद बंद करून काम बाहेरच्या कॉल सेंटरकडे सोपवले जाईल. त्याच बैठकीत दुसऱ्या मजल्यावरची जुनी वाय-फायची खोकी बदलून कोणती नवी घ्यावीत, हेही ठरायचे होते. आणि त्याआधी, पत्र आले त्या बुधवारीच संध्याकाळपर्यंत, मोजणीबाईने त्या मजल्यावरच्या वाय-फायचा अहवाल द्यायचा होता.

तिने अहवाल नेहमीच्या शिस्तीने केला. जेवणाच्या सुट्टीत, वॉर्ड शांत असताना, ती शिडी घेऊन वर गेली. मोजणी स्वच्छ यावी म्हणून तिने एक्स-रेची चित्रे दाखवणारा चाकांवरचा पडदा बंद करवला, नर्सबाईंना फोन बाजूला ठेवायला लावले, आणि मग मोजले. जाऊन येऊन सहा मिलिसेकंद. माहितीची शंभर पॅकेटे, म्हणजे छोटे तुकडे, पाठवली, शंभर परत आली. एकही हरवले नाही. तिने आकडे लिहिले, सही केली, अहवाल दिला.

संध्याकाळी नणंदेने तो वाचला.

“म्हणजे तुझं वाय-फाय सोन्यासारखं. आणि माझी जीभ जड झाली.”

“असं मी कुठे लिहिलंय?”

“लिहिलं नाहीस. मोजलंस.” नणंदेने कागद टेबलावर ठेवला. “वहिनी, मी ‘पेनिसिलीन’ म्हटलं. स्वच्छ म्हटलं. सतरा वर्षांत माझ्या तोंडून एक औषध चुकलेलं नाही.”

“बाई म्हणतात, तू आधी ‘नाही’ म्हणालीस.”

“तो उपाशी आहे का, असं विचारलं होतं. सकाळपासून काही खाल्लंय का? त्याचं ‘नाही’ ते! ते काय मी खिशात ठेवून नंतर काढलं?”

मोजणीबाईच्या मनात तेव्हा पाल चुकचुकली. खिशात ठेवून नंतर काढलेले ‘नाही’. असे कोणी ठेवत असेल, तर ते कोण?

शनिवारी सकाळी सव्वादहाला तिने एक साधा खेळ मांडला. ती दुसऱ्या मजल्यावर टॅबलेटसमोर उभी राहिली, नणंद खाली आपल्या खोलीत. दोघींनी आळीपाळीने आकडे म्हणायचे, एकीने विषम, दुसरीने सम. या वेळी काहीही बंद करायचे नाही, असे तिने ठरवले होते. का ठरवले, हे तिलाही नीट सांगता आले नसते. चोविसापर्यंत दोघी झपझप गेल्या. तेवढ्यात हाडांचे डॉक्टर फेरीवर आले, चाकांवरचा पडदा ढकलत पहिल्या खाटेपाशी नेला आणि रुग्णाच्या नव्या-जुन्या एक्स-रेंची चित्रे एकामागून एक उघडू लागले.

पंचविसाला नणंदेचा आवाज आला नाही. मोजणीबाई थांबली. मग आला. तिने “सव्वीस” म्हटले. पुन्हा शांतता.

“वन्सं, झोपलीस का?”

याचे उत्तर येण्याआधीच टॅबलेटमधून नणंदेचा वैतागलेला आवाज आला: “सत्तावीस! वहिनी, तूच मधे मधे पेंगतेस. मी बोलले की तू आपली गप्प!” आणि मग, जणू दुसरेच कोणी बोलत आहे तसे, “झोपतेय कोण? मी?”

मोजणीबाईच्या हातातल्या फोनवर पिंगचे, म्हणजे पॅकेटाच्या जाण्यायेण्याच्या वेळेचे, आकडे ओळीने उतरत होते. सात. आठ. सात. चारशे दहा. नऊशे. तेराशे चाळीस. चौदाशे वीस. आणि खाली तीच ओळ: हरवलेली पॅकेटे, शून्य.

सगळे पोचत होते. काहीही गळत नव्हते. छतावरचे ते खोके एकही शब्द टाकत नव्हते, ते सगळे शब्द एकाच रांगेत उभे करत होते. चित्रांचे हजारो तुकडे पुढे, आणि त्यांच्या मागे, निमूट, आपली पाळी येईपर्यंत थांबलेला नणंदेचा आवाज. वरून खाली जाणारा शब्द झटपट पोचत होता. खालून वर येणाराच अडत होता. म्हणून नणंदेला आपण उशिरा बोलतो आहोत, याचा कधी पत्ताच लागला नव्हता. तिच्या कानाला समोरचे माणूसच मंद वाटे. मंगळवारी, याच फेरीच्या वेळी, काही खाल्लंय का या प्रश्नाला रुग्णाने मान हलवली, भूलतज्ज्ञांना पहिले उत्तर कळले, त्यांनी पुढचा प्रश्न टाकला, आणि नेमके तेव्हाच पहिल्या प्रश्नाचे ‘नाही’ टॅबलेटमधून बाहेर पडले. खरे ‘हो’ आले, तेव्हा बाई पुढच्या खाटेकडे वळलेल्या होत्या.

आणि बुधवारी तिने मोजणी स्वच्छ यावी म्हणून हाच पडदा बंद करवला होता. अठरा वर्षे ती अशीच मोजत आली होती: आधी सगळे थांबवायचे, मग बघायचे की काही थांबते आहे का.

ती खाली आली, कपाटातून जुन्या वह्या काढल्या. खोक्याची रांग एवढी लांब कारखान्यातून येत नाही, हे तिला ठाऊक होते. कोणीतरी ती वाढवलेली असणार. कोणी, हे शोधायला तिला वीस मिनिटे लागली. तिसऱ्या वहीत ठसठशीत, सरळ, तिच्या स्वतःच्या अक्षरांत लिहिलेले होते:

‘९ जानेवारी २०२३, सोमवार. दुसरा मजला. एक्स-रेची चित्रे पडद्यावर अर्ध्यात अडकतात अशी तक्रार. रांग सर्वांत मोठी केली. चित्रे पूर्ण येतात. तक्रार बंद.’

तिने वही मिटली. बाहेर नणंद दारावर टकटक करून विचारत होती, “काही सापडलं का गं?” मोजणीबाई म्हणाली, “बघते आहे.” हे खोटे नव्हते, एवढेच त्याविषयी म्हणता येईल.

रविवारी तिने जुन्या खोक्याची रांग गुपचूप लहान करून पाहिली. आवाज मोकळा झाला, पण चित्रे पुन्हा अर्ध्यात अडकू लागली आणि हाडांचे डॉक्टर दारातूनच ओरडले. जुन्या खोक्याला रांग एकच होती: ती लांब करा, नाहीतर आखूड, कोणा एकाचा गळा आवळला जाणारच. तिने ती निमूटपणे पूर्ववत केली. आता भिस्त नव्या खोक्यावर होती.

सोमवारी विक्रेता दोन नमुने घेऊन आला. एक भले मोठे, आठ अँटेनांचे, उलट्या पडलेल्या खेकड्यासारखे. दुसरे साबणाच्या वडीएवढे, पांढरे, कोणी वळूनही पाहू नये असे. अधीक्षकांनी मोठ्याच्या माहितीपत्रकावर आधीच टिक केलेली होती.

“मॅडम, हा आमचा राजा,” विक्रेता खेकड्यावर हात फिरवत म्हणाला. “मेमरी बघा. कितीही ओता, एक पॅकेट सांडायचं नाही.”

“भरल्यावर काय करतो?”

“भरतच नाही ना! तेच तर सांगतोय.”

“दादा, भरत नाही असं भांडं माझ्या पाहण्यात नाही. भरल्यावर काय करतो?”

विक्रेता हसला, मग हसायचा थांबला. “सांभाळून ठेवतो.”

“किती वेळ?”

याचे उत्तर त्याच्या माहितीपत्रकात नव्हते. वेगाचे आकडे चार पाने भरून होते. भार पडल्यावर शब्दाला किती थांबावे लागते, याची एक ओळ नव्हती. तिने खेकडा छताला टांगला, एक्स-रेवाल्याला पडद्यावर एकदम बारा चित्रे उघडायला सांगितली, आणि मोजले. नऊशे साठ मिलिसेकंद. हरवलेली पॅकेटे, शून्य. चित्रे नऊ सेकंदांत आली.

मग साबणाची वडी. तीच खाट, तोच पडदा, तीच बारा चित्रे. तेवीस मिलिसेकंद. एकतीस. चोवीस. चित्रांना अकरा सेकंद लागले.

“अहो मॅडम, हे पॅकेटं टाकतंय!” विक्रेत्याने तिच्या फोनवर बोट ठेवले. स्वतःच्याच मालाची अशी बदनामी पाहून तो कळवळला होता. “शेकडा एक गेलं!”

“कोणाची टाकतंय ते बघा. चित्रांची. टॅबलेटचं एकही नाही.” तिने फोन त्याच्यापुढे धरला. “हे प्रत्येकाची रांग वेगळी लावतं. जे फार वेळ उभं आहे, ते टाकून देतं. टाकलं की पाठवणाऱ्याला कळतं, जरा दमानं घ्या. तो ते पुन्हा पाठवतो. चित्राला दोन सेकंदांनी काही होत नाही.”

“आणि आवाजाला?”

“आवाजाला होतं,” ती म्हणाली. “चट्टे उठतात.”

तिने प्रत्येक मोजणी तीन तीन वेळा केली, आणि निवडीच्या अर्जावर लहान खोक्याचा क्रमांक लिहिला. कारणाच्या रकान्यात सगळे आकडे होते. ९ जानेवारीची तारीख नव्हती. नवे खोके लागले, परीक्षा नीट झाली, की नणंद आपोआप सुटेल, असा तिचा हिशेब होता. मंगळवारी आणि बुधवारी तिने घरात पाच-सहा वेळा तोंड उघडले, आणि दर वेळी भाजी कोणती करायची ते विचारले.

गुरुवारी तीनला दुसऱ्या मजल्यावर समिती उभी राहिली: अधीक्षक, मुख्य परिचारिका, आणि बाहेरून आलेले एक निवृत्त डॉक्टर. अधीक्षकांनी छताकडे पाहिले.

“हे काय? ते मोठं कुठे आहे?”

“खाली, सर. निवड याची केली आहे. आकडे अर्जात आहेत.”

“एवढंसं?” ते म्हणाले, आणि त्यांचा पुढचा शब्द ओठांवरच राहिला, कारण मोजणीबाईने एक्स-रेवाल्याला खूण केली होती. पडद्यावर बारा चित्रे उघडू लागली. तिने जिवाचा कान केला.

भूलतज्ज्ञांनी टॅबलेटकडे पाहून विचारले, “सकाळपासून काही खाल्लंय?” नणंदेचा आवाज लगेच दुसऱ्या भाषेत उमटला. रुग्ण बाईंनी मान हलवली. “नाही,” नणंद म्हणाली, मान थांबण्याआधी. “कधी भूल दिली होती?” “हो, दोनदा.” “त्रास?” “पहिल्या वेळी उलट्या झाल्या.” प्रश्न आणि उत्तर यांच्या मध्ये कागद सरकवायलाही जागा राहिली नव्हती. पडद्यावर तीच बारा चित्रे पुन्हा पुन्हा उतरत होती. अकरा प्रश्न झाले. निवृत्त डॉक्टरांनी घड्याळ खिशात टाकले आणि “उत्तम” असे म्हटले.

मोजणीबाईने श्वास सोडला. तो पुरता सुटण्याआधीच अधीक्षक बोलू लागले.

“छान. म्हणजे दुभाषीला नीट काम करता येतं. मग प्रश्न उरतो तो अकरा तारखेचा.” त्यांनी फाईल उघडली. “त्या दिवशी जुनं खोकं होतं. पण बारा तारखेच्या अहवालात, मोजणीबाई, तुम्हीच लिहिलंय, सहा मिलिसेकंद, काही हरवलं नाही. यंत्र ठीक होतं, माणूस सक्षम आहे. तेव्हा त्या दिवशी लक्ष नव्हतं, याशिवाय दुसरा अर्थ मला काढता येत नाही.”

टॅबलेट अजून चालू होता. नणंद खाली सगळे ऐकत होती, आणि आता त्या शांततेत तिचा श्वासही उशीर न करता पोचत होता.

“सर, तो अहवाल चुकीचा आहे,” मोजणीबाई म्हणाली.

“आकडे चुकीचे?”

“आकडे खरे आहेत. मी सगळं बंद करून मोजलं. शनिवारी चालू ठेवून मोजलं, चौदाशे वीस आले.” तिने पिशवीतून तिसरी वही काढली, पान उघडले, आणि ती त्यांच्या हातात दिली.

अधीक्षकांनी ती नोंद दोनदा वाचली. “हे अक्षर कोणाचं?”

“माझं.”

“आणि ही रांग वाढवली नसती तर?”

“तर चित्रं अडकली असती. आणि ‘नाही’ वेळेवर पोचलं असतं.”

भूलतज्ज्ञांनी स्वतःच्या फॉर्मची प्रत फाईलमधून ओढली, त्या ‘नाही’वर बोट ठेवले, आणि टॅबलेटकडे वळून म्हणाल्या, “ताई, तुम्ही म्हणाला होतात ‘हो’. मी तोवर पुढच्या खाटेकडे वळले होते.” समितीने त्याच ठिकाणी, उभ्या उभ्या, निर्णय लिहिला: दुभाषीवरचा आक्षेप मागे, पद कायम, लहान खोकी मंजूर. शेवटच्या ओळीत मोजणीबाईला लेखी ताकीद होती, आणि यापुढे तिच्या प्रत्येक बदलावर दुसऱ्या कोणाची तरी सही लागेल, असे कलम होते. तिने त्यावर सही केली आणि वेळ घातली.

नणंद जिन्यात उभी होती. मोजणीबाईला वाटले होते, ती गळ्यात पडेल.

“तुला कधी कळलं?”

“शनिवारी.”

“आज गुरुवार आहे.” नणंदेने बोटे मोडली नाहीत, आवाज चढवला नाही. “पाच दिवस मी घरात गोळ्या घेऊन झोपतेय, आणि तू मला विचारतेस, भेंडी की दोडका.”

“मला वाटलं, नवं लागलं की निभावेल.”

“निभावलं असतं तर सांगितलं असतंस?”

मोजणीबाई जिन्याच्या कठड्याला टेकली. खाली कोणीतरी ट्रॉली ढकलत होते. “माहीत नाही,” ती म्हणाली, आणि मग, “बहुतेक नसतं सांगितलं.”

नणंद तिच्या शेजारी टेकली. मग म्हणाली, “वहिनी, मी रोज पंचवीस-तीस माणसांशी बोलते त्या टॅबलेटवरून.”

“हो.”

“ही रांग वाढवून किती दिवस झाले?”

“दोन वर्षं, दोन महिने, अकरा दिवस,” मोजणीबाई म्हणाली. ती मोजणी तिने शनिवारीच सुरू केली होती, रोज एक दिवस वाढवत होती. त्यानंतर तिला झोप नव्हती.

त्या दोघींनी पुढचे तीन आठवडे नणंदेच्या वह्या आणि रुग्णालयातले फॉर्म शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिले. नणंद औषधे आणि ॲलर्जी एवढेच लिहून ठेवत असे. बाकीच्या उत्तरांची नोंद तिच्याकडे नव्हती. संभाषणांचे ध्वनिमुद्रण रुग्णालय ठेवत नाही. ताडून पाहण्याजोग्या नोंदी चारशे सहा निघाल्या. त्यांतल्या सातांत वही आणि फॉर्म जुळले नाहीत. त्या सात रुग्णांपैकी चौघांशी संपर्क झाला. चौघेही बरे होते. तिघांचे पत्ते बदललेले आहेत.

९ जानेवारी २०२३ पासून नवी खोकी लागेपर्यंत त्या टॅबलेटवर अंदाजे सोळा हजार संभाषणे झाली. त्यांपैकी किती वेळा एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला लागले, हे माहीत नाही. ते कळण्याचा कोणताही मार्ग अद्याप सापडलेला नाही.